बुटीबोरी : पाटीवर मालकाचे नाव, रुळांखाली कोणाचे श्रम?

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली गाडी अजनी, खापरी, गुमगाव ही स्टेशने मागे टाकते आणि सुमारे तीस किलोमीटरवर बुटीबोरीला पोचते. आज हे नाव घेतले की बहुतेकांना एमआयडीसी आठवते, चौकातली ट्रकची गर्दी आठवते, नाहीतर ठेकेदाराकडे मिळालेली बारा तासांची नोकरी. पण या गावाला एमआयडीसी येण्याच्या सव्वाशे वर्षे आधी रेल्वे आली होती. त्या रेल्वेने गावाचे काय केले आणि गावातल्या तळाच्या माणसाचे काय केले, हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवे, असे आम्हाला वाटते.

कारण साधे आहे. ज्यांच्या हातात जमीन होती त्यांचे नाव गावाला लागले. ज्या कंपनीने भांडवल घातले तिचे नाव पुस्तकात आले. ज्यांनी माती वाहिली, गिट्टी फोडली, रूळ सांभाळले, त्यांचे नाव कुठेच नाही. बुटीबोरीच्या इतिहासात आपण कुठे होतो, हे शोधायचे असेल तर आधी तो इतिहास नीट समजून घ्यावा लागेल.

गाव आधी होते, स्टेशन नंतर आले

रेल्वेची गावे दोन प्रकारची असतात. एक, रेल्वेमुळेच जन्मलेली. आपल्या शेजारचे वर्धा शहर त्यातले. १८६२ साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. सुरुवातीला त्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. पुढे १८६६ साली पालकवाडी नावाच्या एका लहान वस्तीच्या जागी नवे शहर आखले गेले. सरळ रस्ते, चौकोनी मोहल्ले, कापसाचा बाजार, हे सगळे ठरवून केलेले.

दुसरा प्रकार म्हणजे आधीपासून असलेले आणि रेल्वेने बदललेले गाव. बुटीबोरी या प्रकारातले. वेणा नदीच्या काठचे हे बोरी गाव रेल्वेच्या कितीतरी आधीपासून वाटेवर होते. पुढे हिंगणघाटजवळून वाहत जाऊन वर्धेला मिळणारी ती हीच वेणा. नागपूरहून दक्षिणेकडे, हैदराबादच्या दिशेने जाणारा रस्ता आणि वर्ध्याकडे जाणारा रस्ता इथे फुटतात. आजही बुटीबोरीच्या चौकात तेच दोन फाटे आहेत.

हा परिसर तर त्याहूनही जुना. बुटीबोरीजवळच्या टाकळघाट आणि खापा या गावांत नागपूर विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९६०च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन झाले. टाकळघाटला लोहयुगातल्या माणसांची वस्ती सापडली आणि खाप्याला त्यांची दफने, दगडांची मोठी वर्तुळे. ही वस्ती साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे तथागतांच्या काळाच्या आसपासची. तेव्हा इथली माणसे लोखंड घडवत होती. आज ज्या टाकळघाटच्या आजूबाजूला कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, त्याच मातीखाली विदर्भाच्या जुन्या कारागिरांच्या खुणा आहेत. गावाचा इतिहास पहिल्या मालकापासून सुरू होत नाही, हे ध्यानात ठेवण्यासाठी एवढा एक दाखला पुरे.

'बुटी' कोण आणि 'बोरी' कोणाची?

बोरी नावाची गावे विदर्भात कितीतरी आहेत. त्यामुळे नुसते 'बोरी' म्हटले तर कोणती, हा प्रश्न यायचाच. या बोरीला ओळख मिळाली ती तिच्या मालकाच्या नावाने. नागपूरचे बुटी हे सधन घराणे. सावकारी आणि मालगुजारी ही त्यांची ताकद. याच घराण्यातल्या गोपाळराव बुटींनी शिर्डीला वाडा बांधला आणि १९१८ साली साईबाबांची समाधी त्याच बुटी वाड्यात झाली, हे अनेकांना माहीत असते. बुटींची बोरी म्हणून बुटीबोरी.

इथे 'मालगुजार' हा शब्द समजून घेतला पाहिजे, कारण त्याशिवाय आपल्या भागातल्या गावगाड्याची रचना कळत नाही. भोसल्यांच्या काळात गावाचा महसूल गोळा करून सरकारात भरणारा तो मालगुजार. जमिनीचा पूर्ण धनी तो नव्हता. १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. त्यानंतर १८६०च्या दशकात इंग्रजांनी जमिनीचा जो बंदोबस्त केला, त्यात मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले. काल जो वसुली करत होता तो आज गावाचा कायदेशीर मालक झाला. पडीक जमीन, झाडे, तलाव, गावठाण, सगळ्यावर त्याचा शब्द चालू लागला. कसणारा कूळ झाला. ज्याच्याकडे कसायलाही जमीन नव्हती, तो मालगुजाराच्या मर्जीवर गावात राहू लागला.

आता दुसरी तारीख पाहा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजेच जीआयपी रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तीच लोहमार्गाची रेघ भुसावळ, बडनेरा, वर्धा करत २० फेब्रुवारी १८६७ रोजी नागपूरला पोचली. तिच्या वाटेवरच आपली बोरी.

म्हणजे एकाच दशकात या गावात दोन गोष्टी आल्या. कागदावर मालक आला आणि जमिनीवर रूळ आले. इतिहास सांगताना लोक या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतात. आमच्या मते त्या एकत्रच पाहिल्या पाहिजेत. रेल्वेमुळे माल बाहेर जाऊ लागला, जमिनीला भाव आला, आणि ती जमीन नुकतीच एका वर्गाच्या नावावर झालेली होती. रेल्वेचा पहिला फायदा कोणाला झाला असेल, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

रेल्वे कापसासाठी आली

रेल्वे माणसांची सोय व्हावी म्हणून आली, असा एक समज आहे. नागपूरकडे येणाऱ्या या मार्गाच्या मागे सगळ्यात मोठी ओढ होती कापसाची. वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस प्रसिद्ध होता. रेल्वेआधी या भागातला कापूस बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत पाऊस, चोरी, धूळ, आणि महिनेच्या महिने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवले. वऱ्हाड-नागपूरची रेल्वे नेमक्या याच वर्षांत पुढे सरकत होती.

आणखी एक गोष्ट. जीआयपी ही खासगी कंपनी होती. तिच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. कमाई कमी पडली तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या करातून भरायचा. नफा लंडनचा आणि जोखीम आपली, असा तो करार होता. ही कंपनी सरकारने चालवायला घेतली ती थेट १९२५ साली. पुढे १९५१ साली तिच्यातून मध्य रेल्वे झाली.

गाडी परत येताना रिकामी येत नसे. जाताना कापूस नेणारी गाडी येताना मँचेस्टरचे कापड आणि गिरणीचे सूत आणत होती. हा धक्का कोणाला बसला? नागपूर भागात तलम कापड कोष्टी विणत आणि जाडेभरडे कापड महार विणत. खेड्यापाड्यातल्या कष्टकऱ्यांच्या अंगावरचे कापड महाराच्या मागावरचे असे. घरातल्या बाया सूत कातायच्या, बाप्ये माग चालवायचे. आधी गिरणीच्या सुताने बायांचे कातणे मारले. मग गिरणीच्या कापडाने हळूहळू माग मारले.

पश्चिम महाराष्ट्रातल्या महारांच्या इतिहासात महार वतन आणि लष्कर या दोन गोष्टी पुढे येतात. विदर्भातला आपला इतिहास थोडा निराळा आहे. इथे वतनाची पकड तेवढी घट्ट नव्हती. विणकामामुळे आणि थोड्याफार शेतीमुळे काही महार घरांच्या हातात चार पैसे होते. पुढे नागपूरकडे चळवळ लवकर उभी राहिली, त्याचे एक कारण इथे आहे. पण जो माग माणसाला थोडा ताठ उभा करत होता, तोच रेल्वेने आणलेल्या कापडाने मोडला. मागावरून उठलेला माणूस कुठे गेला? शेतमजुरीला, रेल्वेच्या मातीकामाला, आणि १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाल्यावर गिरणीच्या दारात.

रेल्वेने रोजी हिरावली आणि रेल्वेनेच मजुरी दिली. हे दोन्ही खरे आहे. यातले एकच सांगितले तर इतिहास अर्धा राहतो.

रूळ सगळ्यांचे, पण काम जातीचे

रेल्वे आली की जात मोडेल, असे त्या काळी अनेकांना वाटत होते. एका डब्यात सगळे बसणार, मग शिवाशिव कशी टिकेल? आपण अनुभवाने जाणतो की जात एवढी भोळी नाही. तिने डब्यात जागा करून घेतली, प्लॅटफॉर्मवर जागा करून घेतली. स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळू लागले. पाणी पाजायला ब्राह्मण 'पाणी पांडे' नेमले गेले. ज्याच्या हातचे पाणी कोणी प्यायचे नाही त्याला पाणी पाजायची नोकरी मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग रेल्वे स्टेशनावरचाच आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. मुले नीटनेटकी, कपडे चांगले. स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली. पण जात कळताच तो मागे सरकला. भाड्याची गाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर आणि गाडी स्वतः हाकायच्या अटीवर पुढचा प्रवास झाला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. तिकीट तेच, गाडी तीच, पण स्टेशनच्या दाराबाहेर जात उभी होती.

नोकरीत काय होते, हे तर त्यांनी जीआयपी रेल्वेच्याच कामगारांपुढे मांडले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा त्यांचा गाजलेला विचार याच परिषदेतला. तो वाक्प्रचार आपल्याला पाठ असतो. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामाची जी चिरफाड केली, ती मात्र फारशी वाचली जात नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अस्पृश्य माणूस रेल्वेत लागतो तो गँगमन म्हणून आणि आयुष्यभर गँगमनच राहतो. त्याला वर जायची वाट नाही. स्टेशनवरचा पोर्टर होणेही त्याला अवघड, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि सवर्ण मास्तरला घरात अस्पृश्य चालत नाही. कारखान्यात कुशल कामावर त्याला घेत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांतही विणकाम खात्याचे दार त्याला बंद, कारण तिथे सूत तोंडाने ओढावे लागते. म्हणून ज्या कामगार संघटना या भेदाबद्दल बोलत नाहीत, त्यांची कामगार-एकी अपुरी आहे.

मनमाड आणि बुटीबोरी एकाच कंपनीच्या एकाच लोहमार्गावरची स्टेशने. मनमाडला बाबासाहेबांनी ज्या गँगमनची व्यथा सांगितली, ती याच मार्गावरच्या माणसांची होती. उन्हाळ्यात रूळ तापून फुगतात, पावसाळ्यात भराव खचतो. दोन्ही वेळेला पहार आणि घमेले घेऊन गँग बाहेर असते. गाडी वेळेवर जाते ती त्यांच्यामुळे. वेळापत्रकात त्यांचा उल्लेख नसतो.

उमरेडची जाईबाई

रेल्वेने मोडलेले आणि रेल्वेच्याच आधाराने उभे राहिलेले आयुष्य कसे असते, हे पाहायचे तर जाईबाई चौधरींकडे पाहावे. उमरेड हे बुटीबोरीच्या पूर्वेचे गाव. पुढे कोळशासाठी बुटीबोरीहून उमरेडला रेल्वेचा फाटाही गेला. याच उमरेडला १८९२ साली महार कुटुंबात जाईबाईंचा जन्म झाला. १८९६च्या दुष्काळात त्यांचे कुटुंब गाव सोडून नागपूरला आले. नऊ वर्षांच्या असताना लग्न झाले. घरची परिस्थिती अशी की त्यांना हमाली करावी लागली. कन्हान आणि कामठीच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहण्याचे ते काम होते.

त्यांना थोडे लिहितावाचता येत होते. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी दिली. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी गोंधळ घातला आणि नोकरी गेली. जाईबाई परत हमालीकडे वळल्या नाहीत. १९२२ साली नागपुरात त्यांनी मुलींसाठी संत चोखामेळा कन्या शाळा काढली.

हमालीने शाळा दिली नाही, मिशननेही टिकवली नाही. ती जाईबाईंनी उभी केली. दुष्काळाने गाव सोडायला लावले, शहराने ओझे दिले. त्या ओझ्याखालून मान वर काढण्याचे काम एका बाईने स्वतः केले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात अशा बायांचा इतिहास गोळा केला नसता तर आज आपल्याला जाईबाई माहीत असत्या का? आणि ज्यांच्यापर्यंत कोणी पोचलेच नाही, त्या किती?

त्याच रुळांवरून चळवळही आली

मुंबईहून वर्धामार्गे नागपूरला येणारी गाडी बुटीबोरीवरूनच येते. कापूस नेणाऱ्या आणि कापड आणणाऱ्या रुळांवरून पुढे माणसे, वर्तमानपत्रे आणि विचारही येऊ लागले. मे-जून १९२० मध्ये नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तिला तरुण बाबासाहेब उपस्थित होते. ऑगस्ट १९३० मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली नागपुरात अखिल भारतीय दलित काँग्रेसचे अधिवेशन झाले. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय झाला. नागपूर हे मध्यभागी, चारही दिशांनी रेल्वेने जोडलेले शहर होते. माणसे जमवायची तर ते सोयीचे होते.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. अशोक विजयादशमीला नागपुरात लाखो माणसे आली. रेल्वेने आली, बैलगाडीने आली, पायी आली. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ मुंबई राज्यात गेला. नागपूरच्या अलीकडचे अजनी स्टेशन दीक्षाभूमीला जवळ आहे. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अजनीवर निळ्या आणि पंचशील ध्वजांची गर्दी उतरते. ज्या लोहमार्गावर आपली माणसे फक्त गँगमन होती, त्याच मार्गाने ती धम्माची उपासक होऊन घरी परतली. कंपनीने हा मार्ग आखताना असे काही मनात धरले नव्हते. साधन कोणी का आणले, यापेक्षा आपण ते कशासाठी वापरले, याला महत्त्व असते.

स्टेशनाकडून एमआयडीसीकडे

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी कायद्याने संपली. गावाला लागलेले मालकाचे नाव मात्र राहिले. १९९०च्या दशकात इथे एमआयडीसीची पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. कापड, पॉलिएस्टर, टायर, पोलाद, वीज असे मोठे उद्योग आले. बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगडची माणसे आली. गाव नगर परिषदेचे शहर झाले. वर्धा-नागपूर मार्गावर जादा लोहमार्ग टाकले जात आहेत. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात मिहानपासून बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंतचा मार्ग आहे. पुढच्या सिंदी (रेल्वे) इथे ड्राय पोर्टचे काम हाती घेतले गेले.

दीडशे वर्षांपूर्वीचे चित्र पुन्हा समोर येते आहे का, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. मोठे साधन येते, जमिनीचा भाव वाढतो, ज्यांच्याकडे जमीन असते त्यांना मोबदला मिळतो. ज्यांच्याकडे नसते त्यांना ठेकेदाराकडे मजुरी मिळते. कायम कामगार कोण आणि कंत्राटी कोण, मशीनवर कोण आणि गेट-सफाईवर कोण, याची जातीनिहाय यादी कोणी करत नाही. मनमाडला बाबासाहेबांनी केली ती नेमकी अशीच यादी होती. आयटीआय केलेल्या आपल्या पोरांना वरची कामे मिळतात की नाही, हे शोधायचे असेल तर त्या भाषणाचा आराखडा आजही पुरेसा आहे. कोणत्या खात्यात कोण आहे, वरच्या जागेवर कोण जाऊ शकतो, आणि संघटना त्याबद्दल बोलते का.

कोतवालाच्या वहीतला इतिहास

मग आपण करायचे काय? आम्ही तरुणांना एक काम सुचवतो. त्याला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

आपल्या भागात गावच्या कोतवालीचे काम बहुतेक महारांकडे असे. गावात कोण जन्मले, कोण मेले, याची खबर कोतवाल पोलीस ठाण्याला पोचवायचा. त्या नोंदींची वही म्हणजे 'कोतवाल बुक'. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा पुरावा शोधताना आपल्यापैकी अनेकांनी तहसीलमध्ये कोतवाल बुकाची नक्कल मागितली असेल. क्षणभर विचार करा. आज पाटलाच्या, सावकाराच्या, कुणब्याच्या आणि आपल्या, सगळ्यांच्या आजोबांच्या जन्माचा जो पुरावा सरकार मान्य करते, तो एका महाराच्या पायपिटीने जमा झालेला आहे. इतिहासाच्या पुस्तकात आपण नाही, पण इतरांचा इतिहास ज्या कागदावर टिकला तो कागद आपल्या माणसाने वाहून नेला.

तेव्हा नक्कल काढताना फक्त आपली ओळ शोधून थांबू नका. त्या पानावर आणखी कोण आहे, कोणत्या साली मृत्यू वाढले, कॉलरा कधी, दुष्काळ कधी, हे टिपून घ्या. बंदोबस्ताची मिसल, निस्तार पत्रक, अधिकार अभिलेख, जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, हे सगळे कागद आपल्या वस्तीच्या इतिहासाचे साधन आहेत. निस्तार पत्रकातून गावाच्या सामाईक जागा, वाटा, मसणवट कळते. विहार किंवा स्मशानभूमीच्या जागेचा वाद उभा राहतो, तेव्हा हाच कागद कामाला येतो. म्हणजे हा अभ्यास नुसत्या हौसेचा नाही.

दुसरे काम म्हाताऱ्या माणसांचे. ज्यांनी गँगवर काम केले, जिनिंगमध्ये रुई वेचली, मिलमध्ये पाळी केली, १९५६ला आईबापांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमी पाहिली, ती माणसे आता थोडी उरली आहेत. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. आजी-आजोबांना बसवा, विचारा आणि रेकॉर्ड करा. कोणते काम करत होता, मजुरी किती, पाणी कुठून आणायचे, गाडीत कुठे बसायचे, माग घरात होता का, तो कधी बंद झाला. नाव, गाव, तारीख लिहून ठेवा. विहारात महिन्यातून एक रविवार एवढ्यासाठी काढला, तरी वर्षभरात एका वस्तीचा इतिहास उभा राहतो.

तिसरे, वस्त्यांच्या नावांचे. विदर्भातल्या गावागावात जो भाग पूर्वी 'महारपुरा' म्हणून ओळखला जायचा, तो आज भीमनगर आहे, पंचशील नगर आहे, सिद्धार्थ नगर आहे. ही नावे कोणी मालकाने दिली नाहीत, कोणत्या कंपनीने दिली नाहीत. आपल्या आजी-आजोबांनी धम्म स्वीकारला आणि स्वतःच्या राहत्या जागेचे नाव स्वतः ठेवले. ते कोणत्या साली बदलले, ठराव कोणी मांडला, विरोध कोणी केला, पाटी कोणी रंगवली, हे आज विचारले तर कळेल. दहा वर्षांनी सांगणारा उरणार नाही.

स्टेशनच्या पाटीवरचे 'बुटीबोरी' हे नाव बदला, अशी आमची मागणी नाही. ते नावही इतिहासच आहे. गाव कोणाच्या मालकीचे होते, हे ते प्रामाणिकपणे सांगते. गाव कोणाच्या श्रमावर उभे राहिले, हे सांगणारी पाटी मात्र अजून लागलेली नाही. ती लिहिण्याचे काम आपले आहे, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल तहसीलच्या कपाटात आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत अजून शिल्लक आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!